सैल दाताचं गाणं

"महिन्याभरानं क्लातेन गावी पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा आहे. पहिल्या नंबराचा झेंडा माझ्या सेनोपतीच्याच पिंजऱ्याखाली! नाही लागला, तर पक्षी पिंजऱ्यासकट जुमेनोला देऊन टाकीन!"

तुगियो गुरुजींनी हे अख्ख्या गल्लीदेखत जाहीर केलं. सेनोपती म्हणजे त्यांचा लाडका शामा पक्षी. जुमेनो म्हणजे शेजारी, त्याच्याकडेही शामा. त्यानं लगेच साक्षीदार मोजून घेतले.

बोलणं पक्कं झालं म्हणून गुरुजींनी ऐटीत शेंगदाण्याची कुरकुरीत चकती चावली. कट्! चकती शाबूत राहिली. समोरचा वरचा दात मात्र तळहातावर आला.

दाताचं एवढं काही नव्हतं हो! पण सेनोपती गाणं शिकायचा तो गुरुजींच्या शिळेवरून. रोज सकाळी गुरुजी शीळ घालत, तो मान तिरकी करून ऐके आणि दहापट गोड करून परत देई. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ओठांचा चंबू केला, तर बाहेर आली नुसती हवा. फुस्स! सेनोपतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरच गृहपाठ विसरून आलेत.

"अहो, त्याला आता सायकलचा पंप शिकवताय का?" स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीनं, वारसिनीबाईंनी, विचारलं.

गुरुजी तडक दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर अम्बारवाती तिसरीत त्यांच्याच वर्गात होती.

"गुरुजी, तीन वाटा आहेत," ती म्हणाली. "बांबूचं कुंपण डोळ्यापुढे आणा. एक खांब गेलाय. इम्प्लांट म्हणजे नवा खांब जमिनीतच रोवणं. हाडात स्क्रू बसवायचा, त्यावर दात. सगळ्यात पक्कं काम. पण हाडानं तो घट्ट धरायला तीन-चार महिने लागतात."

"स्पर्धा महिन्यावर आलीय!"

"मग ब्रिज. शेजारच्या दोन खांबांच्या आधारानं मधला दात बसवायचा. फक्त ते दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात."

"छे! पळाला एक आणि शिक्षा शेजारच्या दोघांना? माझ्या वर्गात असं कधी झालंय?"

"नाही गुरुजी. तुम्ही नेहमी मलाच उभं करायचात."

"तू बोलायचीसच फार! तिसरी वाट सांग."

"काढ-घालीची कवळी. म्हणजे कुंपणात नुसता टेकवलेला खांब. स्वस्त, आणि आठवड्यात मिळेल. पण सैल वाटली तर लगेच यायचं हं, घट्ट करून देईन."

गुरुजींनी कवळी घेतली. दुसऱ्याच दिवशी ती सैल वाटली, पण "होईल सवय" म्हणून ते गेले नाहीत. दुसऱ्यांना शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस, स्वतः थोडाच ऐकणार! शीळ वरच्या सुरात गेली की कवळी खाली पडायची, टक! जिभेनं वर ढकलली की पुन्हा टक! एकदा तर ती थेट गजांतून उडून सेनोपतीच्या खाण्याच्या वाटीतल्या नाकतोड्यांवर जाऊन बसली. सेनोपतीनं दाताकडे पाहिलं, नाकतोड्यांकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा नाकतोडा उचलला.

आठवड्यानं तो गायला. अशी सुरेल तान घेतली की गल्ली थबकली! आणि तानेच्या शेवटी? टक-टक-टक-टक!

भिंतीवरून जुमेनोचं डोकं वर आलं. "गुरुजी, पक्षी गातोय की जेवतोय?"

गुरुजींचा चेहरा पडला. स्पर्धेच्या दोन दिवस आधी वारसिनीबाईंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. कवळी घट्ट झाली. घरी येऊन गुरुजींनी मोत्यासारखी स्वच्छ शीळ घातली. सेनोपती मान तिरकी करून थांबला. थांबलाच! टकटक झाल्याशिवाय त्याच्या लेखी धडा सुरूच होत नव्हता.

स्पर्धेच्या मांडवात बारा पिंजरे टांगले होते. मालक दोरीबाहेर. नियम कडक होता: शीळ नाही, ओरडणं नाही, ज्याचे ओठ हलतील त्याचा पक्षी बाद. जुमेनोचा शामा झऱ्यासारखा वाहत होता. सेनोपती मात्र मुका, गुरुजींकडे टक लावून बसलेला. परीक्षक झेंडा घेऊन जुमेनोच्या पिंजऱ्याकडे निघाले. गुरुजींच्या शेजारी उभा असलेला जुमेनो ओठ न हलवता पुटपुटला, "अंगणात पेरूच्या झाडाला टांगीन म्हणतो."

ओठ न हलवता उत्तर सांगणारी पोरं गुरुजींनी चाळीस वर्षं पकडली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, आभाळाकडे पाहिलं आणि कवळीखाली जीभ घातली. कवळी हलेना! अम्बारवातीचं काम फार चोख. दुसरा जोर. तिसरा जोर…

टक.

सेनोपतीची शेपटी ताठ झाली. टक-टक-टक-टक! आणि मग तानांवर ताना, प्रत्येकीच्या शेवटी टकटकीची सरबत्ती! परीक्षक जागच्या जागी वळले. "असा आवाज उभ्या जन्मात ऐकला नाही! याला शिकवायला सुतारपक्षी ठेवला होता की काय?"

झेंडा सेनोपतीच्या पिंजऱ्याखाली रोवला गेला. आवाज पहिल्यांदा कुठून आला, ते फक्त जुमेनोनं ऐकलं होतं. पण त्यानं तक्रार केली नाही. तो नुसता स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवत राहिला.

संध्याकाळी अंगणात मेजवानी झाली. सगळ्यांनी भाजलेली कोंबडी फस्त केली. विजेत्या गुरुजींनी भाताची पेज प्यायली, कारण कवळी आता साफ डुगडुगत होती.

सोमवारी वारसिनीबाईंनी त्यांना पुन्हा दवाखान्यात पिटाळलं. "आता इम्प्लांटच करून घ्या!" असं बजावून. गुरुजी मात्र वाटभर मनात वाक्य जुळवत होते: डॉक्टर, सेनोपती गातोय तोवर आहे तेवढीच सैल राहू दे. आत गेले, तर बाकावर जुमेनो बसलेला! दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"काय हो जुमेनो, दात दुखतोय का?"

"नाही हो गुरुजी," जुमेनो रडवेला होऊन म्हणाला. "बत्तीसच्या बत्तीस ठणठणीत आहेत. तेच तर दुखणं आहे!"