मुसाफिरखान्यावरची लाल खूण

मुसाफिरखाना गेल्या आठवड्यात इथेच होता, हे पाहणीला आलेल्या मंजुषा मॅडमना कोणत्या तोंडाने सांगावं, या विवंचनेत विजयकुमार उभा होता. समोर नुसता चौथरा, आणि त्यावर निवांत रवंथ करणाऱ्या शेळ्या.

निजामाच्या काळातल्या हमरस्त्याकाठची जुनी बांधकामं शोधायचं काम त्याच्याकडे होतं. काम कसलं, सुतकच ते! मैलाचे दगड धुणं आपटायला गेलेले, जकातीच्या नाक्याची पानटपरी झालेली. साखरा गावाच्या पुढे हा कमानींचा अख्खा मुसाफिरखाना सापडला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. एवढी एक वास्तू मॅडमच्या मनात भरली, तर त्याची कंत्राटी नोकरी टिकणार होती. पांढरा रंग दुकानात नव्हता, म्हणून त्याने लाल रंगानेच भिंतीवर ठसठशीत नोंदणी क्रमांक टाकला. मग उत्साहाच्या भरात पार औंढ्यापर्यंत जे जे उभं दिसलं, त्यावरही टाकला.

"कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"इथेच... होता."

शेळ्यांमागून गावातली गोजरबाई लगबगीने पुढे आली. "आलात का साहेब! समदं बराबर काढलं बघा. एक दगड फुटू देला न्हाई."

"पण काढलं कशाला, मावशी?" विजयकुमारला रडूच फुटायचं बाकी होतं.

"कशाला म्हंजे? तुमीच लाल खूण करून गेले नं! मागं रस्ता रुंद करताना माझ्या दिराच्या घरावर अशीच खूण केल्ती. आमी बसलो वाट पाहत. जेसीबी आला अन् चौकटीसकट समदं मातीत! या बारीला गाव शहाणं झालं."

"अहो, हे जपायचं आहे म्हणून खूण केली होती!"

"मंग? जपलंच की! कमानीचे दगड माझ्या गोठ्याला, खांब शेजारच्या संतरामच्या ओसरीला. वाया काय गेलं?"

मॅडम गाडीकडे वळल्या. नोकरी डोळ्यांदेखत चाललेली पाहून विजयकुमार चौथऱ्यावर मटकन बसला. गोजरबाईला त्याची कीव आली. तिने तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं.

"लेकरा, काहून असं तोंड पाडून राहिला? तुझं काम आमी अर्धवट नाही सोडलं. पुढच्या समद्या गावांना निरोप धाडला. जिथं जिथं तुझी खूण हाये, तिथं कालपासून लोकं दगड काढून राहिले. औंढ्याच्या अलीकडली बारव तेवढी राहिली. पायऱ्या लई हायेत नं तिला."