म्हाताऱ्याची घरघर

"ही घरघर कुठून येते ते बाराच्या आत शोधून काढतो, नाय काढली तर सहादू नाव सांगणार नाय!"

सहादूनं बायकोपुढं ही शपथ घेतली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मंडळी, माणसानं सकाळी सात वाजता शपथ घेऊ नये. दिवस लय मोठा असतो, आणि बायकोच्या ध्यानात सगळं राहतं.

सहादू मखमलाबादचा. मळ्यात गुलाब आणि दोडका. शिक्षण नववी नापास, पण हातात कला अशी की बिघडलेली वस्तू दिसली की बोटं वळवळायची. एका बंद पडलेल्या हापिसातला जुना कॉम्प्युटर त्यानं उचलून आणला, त्याला मोठा टीव्ही जोडला, कपाटाएवढे दोन स्पीकर जोडले, आणि हॉलचं थेटर केलं. कॉम्प्युटर एवढा जुना की बटण दाबून गुलाबाला पाणी देऊन यावं, तेव्हा कुठं त्याचा डोळा उघडायचा. म्हणून घरात त्याचं नाव पडलं 'म्हातारा'. "म्हाताऱ्याला उठव", "म्हातारा तापला, फॅन लाव", असं दिवसभर चालायचं.

आता घरात खराखुरा म्हातारा पण होता. सहादूचा बाप, रावजी. त्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून घोटाळा होत नव्हता. त्या दिवसापर्यंत.

तो दिवस म्हणजे एक जून. दादांची पंच्याहत्तरी. खरी तारीख देवाला ठाऊक. शाळेच्या मास्तरानं अख्ख्या वर्गाला एक जून वाटली होती. दादा पहाटेच दोडके घेऊन पंचवटीच्या मार्केटला गेलेले, यायचे बाराला. आले की सहादू त्यांना बसवून एक गोष्ट ऐकवणार होता. आईचा आवाज.

आई, चंद्रभागा, जाऊन अकरा वर्षं झाली. सहादूच्या लग्नात हळद दळताना ती ओवी म्हणत होती, ती कुणीतरी कॅसेटवर धरलेली. कॅसेट पत्र्याच्या पेटीत सापडली, सहादूनं शहरातून पेनड्राइव्हवर भरून आणली. पण ओवी संपल्यावर आई आणखी काहीतरी बोलते, आणि ते ऐकायला आवाज वाढवावा तर स्पीकरमधून घर्रर्रर्र! जसा काय आत मोट्ठा भुंगा कोंडलाय. आठ दिवसांपासून हे असंच. आई काय बोलते ते काही कळेना.

"आशीर्वाद देत असतील," बायको, सुवर्णा, म्हणायची. सहादूलाही तेच वाटायचं. आईचा आशीर्वाद आत अडकलाय आणि वर भुंगा बसलाय, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

तर सात वाजता मोहीम सुरू झाली. फ्रीज बंद केला. घरघर. फॅन बंद केला. घरघर. मिक्सर, मोटर, देवापुढची लाल बत्ती, सगळ्यांच्या पिना उपटल्या. घरघर! सहादू प्रत्येक वस्तूला कान लावत हिंडत होता, डॉक्टर पेशंटला लावतो तसा.

"अहो, फ्रीजमध्ये श्रीखंड हाय दादांसाठी!"

"आईचा आवाज मोठा का श्रीखंड?"

"दुपारी पातेल्यात ताक दिसलं की सांगा मला!"

सहादूनं म्हाताऱ्याचा पत्रा खोलला, ब्रशनं धूळ झाडली, आतला फॅन बदलला. पत्र्याला हात लागला की बोटाला झिणझिण्या यायच्या. नऊ वाजले. आता भिका वायरमनशिवाय गती नव्हती. मोबाईल उघडला तर चार्जिंग दोन टक्के. चार्जरची पीनही त्यानंच उपटलेली. सुवर्णाचा मोबाईल तर सकाळीच मान टाकून पडलेला.

सहादूला वाचायचा कंटाळा. व्हाट्सपवर 'भ' दिसला की तो भिका, एवढाच त्याचा हिशोब. त्यानं 'भ' दाबला आणि घाईघाईत बोलून टाकलं:

"म्हाताऱ्याला घरघर लागलीय रे! सकाळपासून नुसता घरघर करतोय. काय खरं नाय. बाराच्या आत काय झालं तर झालं. असशील तिथून नीघ!"

मेसेज गेला. मोबाईल मेला.

आणि तो 'भ' भिकाचा नव्हता. तो होता 'भाऊकी' नावाचा ग्रुप. एकशे बारा माणसं. चांदवडपासून देवळालीपर्यंत.

साडेदहाला रिक्षा दारात थांबली आणि हंबरडा आत आला. "भाऊऽऽ! मला सोडून चालला रे भाऊऽऽ!" ही नवसाबाई, दादांची सख्खी धाकटी बहीण, पंचवटीत राहणारी. हातात बाटली, बाटलीत रामकुंडाचं पाणी. मरणाऱ्याच्या तोंडात घालायला.

सहादू म्हाताऱ्याच्या पोटात मान घालून बसलेला. त्याला वाटलं, आत्या पंच्याहत्तरीसाठी आली आणि जास्तच भरून आलं तिला.

"सहाद्या, फोन का रे बंद तुझा? कसा हाय आता?"

"कसा म्हंजे? घरघर चालूच हाय, आत्या."

"कुठं ठेवलाय?"

"हा काय, पलीकडं. खोलून ठेवलाय."

"खोलून?" आत्याचा हात छातीवर गेला.

"मग! आत लय घाण साचलेली. ब्रशनं साफ केली. सकाळपासून चारदा बंद करून चालू केला."

"अरे देवा! कुणी डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला? मीच करतो सगळं. अजून हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे जीव हाय त्यात. आणि नाय झाला ठीक, तर भंगारात देऊ, दुसरा आणू!"

आत्यानं बाटली खाली ठेवली, आणि सहादूच्या कानाखाली अशी वाजवली की घरघर पाच मिनिटं ऐकूच आली नाही.

"बापाला भंगारात देतो? बापाला?"

"बाप कुठून आला मधी? बाप मार्केटला गेलाय!"

सहादूनं कॉम्प्युटरकडं बोट केलं. आत्यानं कॉम्प्युटरकडं बघितलं, सहादूकडं बघितलं, परत कॉम्प्युटरकडं बघितलं. सुवर्णानं कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही मेसेज कुणाला टाकला?"

सहादूनं मेलेला मोबाईल उलटासुलटा करून बघितला.

पण आता उशीर झाला होता. ओट्यावर चपलांचा ढीग वाढत चालला. जो येई तो दारातनंच रडत येई, आणि एकाला समजावून सांगेपर्यंत मागून चार नवीन. भिका वायरमनही आला, हातात गुलाबाचा हार. मेसेज त्याला मिळालाच नव्हता, पण पंचवटीत बातमी कानावर आली होती.

"पावणेबारा वाजले," सुवर्णा बारीक आवाजात म्हणाली.

सहादू भिकाच्या हाताला धरून रडकुंडीला आला. "भिक्या, हार ठेव बाजूला. दादा आत्ता येतील. आजच्या दिवशी आईचा आवाज ऐकवायचाय रे त्यांना. काहीतरी कर."

भिकानं कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटका बसल्यासारखं मागं घेतलं. "अरे, अर्थिंगच नाय तुझ्याकडं! म्हणून तर झिणझिण्या, आन् म्हणूनच घरघर. मी केलेली ना मागं, खड्डा खणून?"

दोघं मागच्या दाराकडं पळाले. खड्डा होता. कोळसा होता, मीठ होतं. भिंतीतून येऊन खड्ड्यात जाणारी वायर मात्र गायब!

तेवढ्यात पुढं, त्या रडारडीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही, पण दादा आले होते. रिकामी क्रेट खांद्यावर, दारात माणसं बघून जागीच थांबलेले. त्यांनी टोपी काढली, क्रेट हळूच खाली ठेवली, मागच्या ओळीत जाऊन मान खाली घालून उभे राहिले आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "कोण गेलं?"

शेजारच्यानं वळून बघितलं आणि तो मटकन खालीच बसला. आत्या धावली, भावाच्या गळ्यात पडली, रडली, मग उगाच घाबरवलं म्हणून भावालाच दोन शिव्या घातल्या.

या गोंधळात भिका ओरडला, "आधी सांगा, मागची अर्थिंगची वायर कुणी काढली?"

"ती व्हय?" दादा म्हणाले. "मी काढली आठ दिवसांपूर्वी. भिंतीतून निघते आन् मातीत जाते. मातीला काय लाईट लागते? चांगली जाड तार फुकट पुरून ठेवलेली. दोडक्याच्या मांडवाला बांधली मी."

सहादूला रडावं का हसावं कळेना. म्हाताऱ्याला घरघर लावली होती म्हाताऱ्यानंच!

वायर मांडवावरून सोडली. दोडक्याचे दोन वेल खाली आले. भिकानं ती परत खड्ड्यात जोडली. "वरून पाणी पाहिजे, माती कोरडीठाक हाय." आत्यानं पुढं होऊन रामकुंडाची बाटली खड्ड्यात रिकामी केली. "घे बाबा, तू पी. तुझ्याच नशिबात होतं."

सगळे हॉलमध्ये. दादा मधल्या खुर्चीत. बटण दाबलं. म्हातारा उठेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरलेला. सहादूनं आवाज वाढवला. घरघर नाही! मग जातं फिरल्याचा आवाज, आणि त्यावर आई:

"हळद दळीते, जातं फिरतं गरागरा,
सून येते घराला, उंबऱ्याला हात धरा..."

दादांनी टोपी हातात धरली होती, ती चुरगळत गेली. ओवी संपली. सहादूनं आवाज पुरा वर नेला. आता आशीर्वाद! आणि त्या कपाटाएवढ्या स्पीकरमधून आईचा आवाज घुमला:

"अहो! वाळत घालायची तार कुठं नेली? परत मांडवाला बांधली ना? आणून द्या आधी! सुनेचं लुगडं काय तुमच्या मिश्यांवर वाळत घालू?"

"आणतो, आणतो!" दादा खुर्चीतून ताडकन उठले. मग भानावर आले. परत बसले. टोपीनं डोळे पुसले आणि हसत म्हणाले, "परत एकदा लाव रे."

सहादूनं चारदा लावलं. चारही वेळा दादा अर्धे उठले.

मग मोबाईल चार्जिंगला लावला. एकसष्ट मिस्ड कॉल. चांदवडचा कारभारीकाका जीप भरून माणसं घेऊन निघालेला. सहादूनं या वेळी नीट बघून 'भाऊकी'च दाबली आणि सगळ्यांना धीर द्यावा म्हणून बोलला:

"कुणी घाई करू नका. म्हाताऱ्याची घरघर थांबली. आता एकदम शांत हाय."

सुवर्णानं डोळे मिटून घेतले. "अहो... काय बोललात ते जरा परत ऐका."

तोवर कारभारीकाकाचा रडवेला आवाज आलाच होता: "सुटला बिचारा! सहादू, तू धीर धर. आम्ही पंचवटीवरून बांबू आन् बाकीचं सामान घेऊनच येतो!"

सहादू घाईनं फोन लावायला गेला, तर दादांनी त्याचा हात धरला.

"थांब. आणू दे. चांगले लांब बघून आण म्हणावं. तार तर तुम्ही काढून नेली, मांडवाला दोन बांबू लागणारच हायेत."