हत्तीकुंडाला कशानं जायचं?

किसनरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एस.टी.त, आणि तेव्हा त्यांच्या मांडीवर दह्याचं गाडगं होतं.

घाटंजीच्या शाळेत मला नवीन नोकरी लागली होती. यवतमाळहून मोटार सुटली आणि माझ्या शेजारचे कोट-टोपीतले गृहस्थ ते गाडगं दोन्ही हातांनी धरून बसले. नव्या बापानं तान्हं मूल धरावं, तसे अवघडून. खड्डा आला की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गेलं!" रस्ता कसला होता ते सांगायला नकोच. सबंध प्रवासात मी "गेलं" याशिवाय दुसरा शब्द ऐकला नाही.

घाटंजीला उतरल्यावर त्यांनी गाडग्यावरचं फडकं सोडलं, आत डोकावलं आणि गाडगं थेट कंडक्टरच्या नाकाखाली नेलं.

"पाहा. फुटलं. पानीच पानी! तुमची मोटर नापास."

"मागच्या बारीले बी नापासच होती ना जी," कंडक्टर शांतपणे म्हणाला आणि टपावरचं सामान उतरवायला गेला. धक्का बसला तो मला एकट्याला. पुढे कळलं की हे माझ्याच शाळेतले भूगोलाचे मास्तर आहेत. त्याच्याही पुढे कळलं की मी जी खोली भाड्यानं घेतली, तिची भिंत आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे. माझ्या नशिबी असलीच माणसं येतात.

किसनरावांना जगात एकच प्रश्न होता. हत्तीकुंडाला कशानं जायचं? हत्तीकुंड म्हणजे पारवा गावाच्या पुढच्या जंगलातला एक काळा खडक. हत्ती बसावा तसा दिसतो म्हणतात, आणि त्याच्या सोंडेवरून पाणी खाली कुंडात पडतं. तालुक्यात सगळ्यांनी ते ऐकलेलं, पाहिलेलं मात्र फार थोड्यांनी. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परत आलं पाहिजे, ही किसनरावांची अट. आणि त्यांची परीक्षा दह्याची. नुकतं लागू लागलेलं दही गाडग्यात घ्यायचं आणि वाहनात बसायचं. उतरताना दही अख्खं असेल तर वाहन पास. फुटून पाणी सुटलं असेल तर नापास.

"पोचनं येगळं, मास्तर," ते मला बजावत. "अन सुखरूप पोचनं येगळं."

पोरांनाही त्यांनी यातून सोडलं नव्हतं. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, 'मुंबईहून कलकत्त्यास जाण्याचे मार्ग लिहा व कोणत्या मार्गाने पाठीस कमी त्रास होईल ते सकारण सांगा.' हेडमास्तरांनी तो पेपर वाचला आणि चष्मा काढून नुसते बसून राहिले.

एस.टी. पुढच्या बाकावर नापास, मधल्या बाकावर नापास आणि मागच्या बाकावर तर गाडगंच फुटलं. ते एका पाटलाच्या नव्या धोतरावर. टांगा नापास. सायकल त्यांनी हातानं ढकलत नेली, कॅरिअरवर गाडगं बांधून, तरी नापास. तहसीलच्या साहेबांची जीप एकदा शाळेसमोर थांबली होती. साहेब हेडमास्तरांकडे चहा पीत असताना किसनराव गाडगं घेऊन जीपमध्ये जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जरा एक चक्कर मारून आन." त्यानं मारून आणलीही! साहेब बाहेर आले तर जीप नाही. हेडमास्तरांचा चेहरा मला अजून आठवतो. जीप परत आली तेव्हा किसनराव उतरून साहेबांना म्हणाले, "लय नाव ऐकलं होतं जी हिचं. पन नापास."

एकच वाहन त्यांनी कधी तपासलं नाही. बंडी. बैलबंडी म्हटलं की ते तोंड फिरवत. शेतावर जायचं तरी बंडीच्या मागून पायी चालत. "तिचं नाव नका काढू," एवढंच म्हणत. तऱ्हेवाईक माणसाच्या तऱ्हा कोण मोजतो? मी तीही त्यांच्या खाती टाकून दिली.

बाजाराच्या रस्त्यावर रशीदभाईंचं गॅरेज होतं. स्वतः मिस्त्री, आणि कापूस वाहायची एक जुनी लॉरी त्यांच्या मालकीची. किसनरावांनी तिला नापास केलं तेव्हा रशीदभाई इतके दुखावले की दोन बाजार किसनरावांशी बोलले नाहीत. मग एका सकाळी आपणहोऊन आले.

"मास्टर, लॉरी नापास नाही, लॉरीचा खालचा फट्टा नापास आहे. कापूस भरून पाहा ना! मोकळा कापूस, गुडघाभर. अन टायरची हवा थोडी कमी करतो मी."

दिवाळी होऊन गेली होती, कापसाचा वेचा सुरू होता. किसनरावांनी आपल्याच शेतातला कापूस लॉरीत पसरला, त्यात गाडगं रोवलं आणि पारव्याच्या पुढपर्यंत जाऊन आले. परतल्यावर फडकं सोडलं तेव्हा मीही वाकून पाहिलं. दही अख्खं! रशीदभाईंनी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

"मग आता कधी जायचं हत्तीकुंडाला?" मी विचारलं.

किसनरावांचा चेहरा उतरला. "जिथं लॉरी थांबते, तिथून पुढं गोट्यागोट्याची पायवाट हाय. चाक जात नाही. तट्टू नेऊन पाह्यलं. नापास."

आणि मग ते घडलं, ज्यानं सगळ्या घाटंजीची बोलती बंद झाली.

किसनरावांचे चुलते वारले. म्हातारे होते, भरल्या घरातून गेले. तिरडीला खांदा द्यायला मीही होतो. स्मशानात पोचलो, तिरडी खाली ठेवली, बायकांनी घातलेल्या झेंडूच्या माळा काढायला लोक वाकले. इतक्यात किसनराव पुढे झाले, प्रेताच्या पायांपाशी माळांच्या ढिगात हात घातला आणि गाडगं बाहेर काढलं.

फडकं सोडलं. आत पाहिलं.

"पास!" ते ओरडले. "अख्खं हाय! जरा बी नाही हाललं!"

माझ्या हातातली माळ हातातच राहिली. भटजींचा मंत्र अर्ध्यावर तुटला. पुढे अग्नीचं मडकं धरून उभा असलेला चुलतभाऊ त्या दुसऱ्या गाडग्याकडे असा पाहत राहिला, की आता दोघांपैकी कोणाचं आधी फुटणार तेच कळेना. किसनरावांच्या एवढ्यानंही लक्षात आलं नाही. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "काकानं जाता जाता लय मोठं काम केलं माझं."

मग मात्र गलका झाला. दोघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. चुलतभावानं तिथल्या तिथं सांगितलं, की तेराव्यालाही या माणसाचं पाऊल दारात नको. गावात कोणी त्यांच्याशी बोलेनासं झालं. मी तर संतापलो होतो. माझ्या खांद्यावरून मी एका पुण्यात्म्याला नेत होतो, आणि हा गृहस्थ त्याच्यावर दही तपासत होता!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून. आजवर त्यांनी मला ओसरीच्या आत कधी येऊ दिलं नव्हतं. बायको आजारी असते, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशीही ते दारात आडवे आले. मी आवाज चढवला. तोच आतून बाईचा आवाज आला.

"कोन हाय? बाजूचे मास्तर का? येऊ द्या ना त्याइले आत. अन भिऊ नका म्हना मास्तर, थे दही नालीत ओतलं. मी नाही खाल्लं."

आत बाजेवर सुभद्रावहिनी पडून होत्या. बाजेवर गाद्यांवर गाद्या घातल्या होत्या. मान तेवढी माझ्याकडे वळली. चेहरा हसरा, आणि बाकी सगळं अंग स्तब्ध.

"याइचं हे खूळ माह्यासाठी हाय जी," त्या म्हणाल्या. "नव्या लग्नाची होती मी. माहेराहून बंडीत येऊन राह्यलो होतो आमी. मी म्हनलं, वाटेत हत्तीकुंड दाखवा. लहानपनी बापाच्या खांद्यावर बसून पाह्यलं होतं मी थे. हे म्हने, आज उशीर होते, पुढच्या बारीनं दाखवतो. अन आडवाट धरली, लवकर घरी पोचू म्हनून. नाल्यात बंडी उलटली."

किसनराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीवर काहीच नव्हतं.

"तवापासून कमरेखाली जीव नाही, अन वर जरा धक्का लागला का जीव जाते असं दुखते. वरसामागून वरसं गेली. मी म्हनते, सोडा आता. हे म्हनते, पुढची बारी बाकी हाय."

मी काय फैलावर घेणार? मी खाली बसलो. एस.टी.तलं ते "गेलं! गेलं!" मला आठवलं. प्रत्येक खड्ड्याला त्या माणसाला दही दिसतच नव्हतं.

मी चाचरत म्हणालो, "पण वहिनी, खांद्यावरून... जिवंत माणसाला चार खांद्यांवरून..."

"तेच म्हनतो मी बी," किसनराव भिंतीकडेच पाहत म्हणाले. "पास तं झालं. पन अपशकुनी हाय. तिले असं नेववनार नाही माह्याच्यानं."

वहिनींनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मेल्यावर तं सगळेच नेतात खांद्यावर," त्या म्हणाल्या. "पन तवा मले काय दिसनार हाय?"

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. लॉरीत गुडघाभर कापूस, कापसावर बाज, बाजेवर वहिनी. वहिनींच्या पोटावर दोन्ही हातांत दह्याचं गाडगं, किसनरावांचा मफलर गुंडाळून. किसनराव स्वतः कुडकुडत होते. गावाबाहेर जिनिंग कारखान्याकडे येणाऱ्या कापसाच्या बंड्यांची रांग होती. आमची एकटी लॉरी कापूस घेऊन उलटी जंगलाकडे चाललेली पाहून एका गाडीवानानं तोंडात बोट घातलं. "ओ भाऊ, कापूस जंगलात कायले घेऊन चालले?" रशीदभाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "वाघाले गादी भरायची हाय!"

लॉरी थांबली तिथं कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची छोटी वस्ती होती. तिथला सोमा चौथा खांदा द्यायला आला. त्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. "आमी दुखन्याचा मानूस असाच नेतो," तो म्हणाला आणि आम्हा तिघांना पाऊल कसं टाकायचं ते बडबडत दाखवू लागला, आणि स्वतःच एका गोट्याला ठेचाळला. किसनराव बाजेच्या पुढच्या उजव्या खुराला होते. दर पावलाला विचारत, "लागलं का वं? दुखलं का?"

वाटेत समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी आली. चार खांद्यांवरची बाज पाहिली आणि ती वाटेच्या कडेला सरली. मोळी खाली ठेवली, पदर डोक्यावर ओढला, हात जोडले.

"कोनाची होती वं माय," ती कळवळून म्हणाली. "सवाशीन दिसते. सोनं झालं बाईचं."

बाजेवरून हात वर आला.

"जित्ती आहो वं मी! कुंड पाहाले चालली!"

म्हातारीनं जी किंकाळी फोडली ती कुंडापर्यंत गेली असेल. मोळी तिथंच टाकून ती पळाली. रशीदभाई एकदम हसले, मग सोमा, मग मी. खांदे हसायला लागले, की बाज हलणारच. "हालवू नका! हालवू नका रे!" किसनराव ओरडत होते. पण त्या सगळ्या हसण्याच्या वर एक हसणं होतं, खळखळून, श्वास लागेपर्यंत, आणि ते बाजेवरून येत होतं. किसनराव जागच्या जागी थांबले.

कुंड आलं. खडक खरंच हत्तीसारखा होता. पाणी फार नव्हतं, पण ऊन पडून चकाकत होतं. आम्ही बाज सपाट दगडावर ठेवली. वहिनी पाहत राहिल्या. तुषार चेहऱ्यावर येत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मग किसनरावांना गाडग्याची आठवण झाली. त्यांनी ते वहिनींच्या हातून घेतलं, मफलर सोडला, फडकं सोडलं. मीही वाकून पाहिलं. दही फुटलं होतं. पाणीच पाणी.

"सुभद्रे," ते बाजेवर वाकून म्हणाले. "दुखलं तुले? सांगतलं काहून नाही मले? कुठं लागला धक्का?"

"कुठंच नाही जी," वहिनी म्हणाल्या. "थे म्हातारी पळाली ना, तवा हसली मी. गाडगं पोटावरच होतं. माह्या हसन्यानं फुटलं थे."

किसनराव गाडग्यात पाहत उभे राहिले. मग कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले आणि कुंडातलं पाणी तोंडावर मारू लागले, पुन्हा पुन्हा. रशीदभाई उठून त्यांच्याकडे जायला लागले. मी त्यांचा हात धरला.

परत आले तेव्हा टोपी हातात होती आणि डोळे लाल होते. त्यांनी गाडगं उचललं, ते फुटलेलं दही वहिनींना ओंजळीनं पाजलं आणि उरलेलं आम्हा तिघांना वाटलं. आंबट होतं. सगळ्यांनी खाल्लं.