लाकडाला चिकटलेले डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. जो माणूस लाळेने थबथबलेल्या तोंडात, जीभ सारखी आडवी येत असताना दातावर कॅप बसवतो, त्याला फिश टँकच्या शांत पाण्यात एक झाड लाकडाला चिकटवणं म्हणजे हातचा मळ. हे त्यांनी सकाळपासून बायकोला येता-जाता ऐकवलं. बायकोही त्याच दवाखान्यात दातांचीच डॉक्टर असल्यामुळे तिच्यावर काडीचीही छाप पडली नाही. लाकूड आधी बाहेर काढा, पुसा, मग चिकटवा, असं माशांच्या दुकानदाराने सांगितल्याची आठवण तिने करून दिली आणि ती आत गेली.

घाबरट पेशंटांचं मन रमावं म्हणून बाहेरच्या खोलीत डॉक्टरांनी मोठा फिश टँक ठेवला होता. त्यातलं ते वेडंवाकडं लाकूड पाण्यावर तरंगू नये म्हणून दगडांच्या ढिगाखाली दाबलेलं. ते उपसायचं म्हणजे अख्खा डोंगर कोसळणार. झाडही असं हट्टी, की मुळं वाळूत पुरली तर कुजतात, लाकडावर बसवली तरच जगतात. डॉक्टरांनी बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, मुळांना झटपट चिकटणारा ग्लू फासला, हात पाण्यात घातला आणि पेशंटच्या तोंडात कॅप दाबावी तसं झाड लाकडावर दाबून धरलं.

झाड चिकटलं. झकास चिकटलं. अंगठा आणि तर्जनीसकट.

डॉक्टरांनी हात जरा ओढून पाहिला. दगड करकरले, वाळू उसळली, मासे कोपऱ्यात पळाले. मग सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय अशा चेहऱ्याने ते समोर बसलेल्या पेशंटकडे बघून हसले.

पेशंट म्हणजे शाळेतले पी. टी. मास्तर. त्यांनी शिट्टी फुंकली की भरलेलं मैदान जागच्या जागी थिजायचं. पण दातांच्या खुर्चीपुढे मास्तरांचं पाणी पाणी व्हायचं. मागच्या वेळी तर गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या लाळेऱ्यासकट ते रस्त्यापर्यंत पळाले होते. त्यांची एक दाढ इतकी हलत होती की बोलताना सुद्धा डुलायची, जेवण तर बंदच झालेलं. तरी तोंड उघडायला ते तयार नव्हते.

"काय करताय, डॉक्टर?" त्यांनी ओठांच्या फटीतून विचारलं.

"झाड बसवतोय."

बराच वेळ गेला. "अजून?"

"मुरू द्यावं लागतं."

तेवढ्यात बायको बाहेर आली. मास्तरांना धीर देऊन आत आणायचं काम डॉक्टरांचं होतं, म्हणून ती खोळंबली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पाण्यातल्या मनगटाकडे.

"चिकटलात?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

तिने दुकानदाराला फोन लावला. हिसडा मारू नका, आणि पाण्यात साबण किंवा नेलपॉलिश काढायचं औषध मुळीच ओतू नका, मासे मरतील, असं तो म्हणाला. बोटं हळूहळू हलवत राहा, कातडी आपोआप सुटेल. झाड नीट बसलं ना, हेही त्याने आवर्जून विचारलं.

मग डॉक्टरांना स्टूल मिळालं. ते काचेला गाल टेकून बसले. टँक आणल्यापासून त्यांनी तो वरूनच पाहिला होता, खाणं टाकायला किंवा मेलेला मासा उचलायला. आज पहिल्यांदाच ते माशांच्या उंचीवर आले होते.

कोपऱ्यातून एंजलची जोडी बाहेर आली. काळ्या पट्ट्यांचे, चंद्रकोरीसारखे उभट मासे. मादीने डॉक्टरांच्या अंगठ्याला दोन ठोसे मारले, हा काही हलत नाही हे तिला पटलं, आणि ती शेजारच्या, नव्या झाडाच्या पानाकडे वळली. आधी तिने ओठांनी ते पान पुसून काढलं. कडेपासून कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मग पानाला पोट लावून ती सावकाश वर सरकली, आणि तिच्या मागे पानावर मण्यांची एक ओळ उमटली. मोहरीहून बारीक, काचेसारखे मणी. नर त्याच वाटेने तिच्या मागून फिरला. ती खाली आली. दुसरी ओळ.

मादी अंडी घालतेय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. "मास्तर," ते कुजबुजले, "इकडे या."

एवढा आडदांड माणूस गुडघे मोडून जमिनीवर बसला. पाहता पाहता त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या, जबडा सैल पडला आणि तोंड आपोआप उघडलं. तिसऱ्या ओळीला तर ते असं वासलं, की काचेतल्या प्रतिबिंबात डॉक्टरांना अक्कलदाढेपर्यंत सगळं दिसलं. त्यांनी बायकोला डोळ्यांनी खुणावलं.

ती कपाळावर दिवा बांधून, हातमोजे चढवून, चवड्यांवर चालत आली.

"मास्तर, काढू का?"

मास्तरांनी पानावरची नजर न हलवता मान डोलावली. बधिर करायच्या सुईला त्यांनी फक्त "उं" म्हटलं. दाढ केव्हा निघाली ते त्यांना कळलंही नाही. तोंडात कापूस धरून ते म्हणाले, "हिला दमायला होत नसेल?"

एवढ्यात डॉक्टरांची बोटं सुटली. आधी तर्जनी, मग अंगठा. पण अर्धं पान अजून रिकामं होतं, आणि मादी दर खेपेला त्यांच्या नखाला पंख घासून जात होती. डॉक्टर तसेच बसून राहिले.

"सुटलं का?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

तिने पाण्यातल्या सुट्या बोटांकडे पाहिलं. मग तिने त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली आणि ती आत गेली.

तेवढ्यात दार उघडून एक बाई गालावर हात धरून आल्या. मास्तरांना ओलांडून त्यांनी डॉक्टरांच्या ओल्या खांद्यावर टिचकी मारली. "अहो टँकवाले, किती वेळ चाललंय तुमचं? इथले डॉक्टर बसतात तरी केव्हा?"

बायको आतून कान देऊन ऐकत होती.

"मॅडम आहेत आत," डॉक्टर अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "आणि जरा हळू बोला, ताई. इथे बाळंतीण आहे."