भाताला वीत, झाडाला हात

देवजीने आयुष्यभर भात लावला होता. भाताला वीत, झाडाला हात, एवढंच अंतर त्याला ठाऊक होतं आणि जगाला तेवढं पुरे, असं त्याचं मत होतं. (शाळा दुसरीत सुटली. त्यातही चूक शाळेचीच.)

जुईनगरच्या रो-हाउसमागे सोळा फुटांची भिंत होती. झाड भिंतीला चिकटवून, दोन्हीकडच्या फांद्या तारेला बांधून वाढवता येतं, हे सून अबोलीने फोनवर पाहिलं. तिने भिंतीवर तारा ओढून घेतल्या आणि पेरूची दोन कलमं आणायला सासऱ्याला नर्सरीत धाडलं. देवजी अकरा घेऊन आला.

"बाबा, दोन झाडांत आठ फूट सोडायचे असतात."

"आठ फुटांत मानूस झोपंल. झाडाला कशाला?"

"फांद्या पसरायला."

"पसरतील. मी हाय ना."

"आणि पेरू?"

"या भिंतीवरचा पिकला पेरू तुझ्या हातात दिला नाय, तर बागेची कात्री तुझी. मंग मी बागेत पाय ठेवनार नाय."

कात्री ही त्या घरातली देवजीची शेवटची सत्ता. टीव्हीचा रिमोट आधीच गेला होता.

दीड वर्षात भिंतीवर फांद्यांची चटई विणली गेली. कुठली फांदी कुणाची, हे झाडांनाही सांगता आलं नसतं. पानं उदंड. पेरू धरला एकच.

शेजारचे बदरुद्दीन भिंतीवरून डोकावले. "देवजीशेठ, गर्दी हटवा. पेरूला श्वास घेऊ द्या."

देवजीला पटलं. तसं तो म्हणाला नाही, एवढंच. पेरूपासून फांदीवर बोट फिरवत फिरवत तो मधल्या खोडाशी पोचला, त्याला लाल दोरा बांधला आणि बाकीची दहा झाडं बुंध्यातून कापली.

तिसऱ्या दिवशी दोऱ्याचं झाड टवटवीत होतं. पेरू सुकला होता.

अबोलीने मोजायची टेप आणली. खोडापासून भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत लावली. डावीकडे आठ फूट, उजवीकडे आठ.

"बरोबर आलं की, बाबा."

"मंग? अंतर मला शिकवतेस?"

भिंतीवर बदरुद्दीन उगवले. "अंतर कुठून कुठपर्यंत, देवजीशेठ? दुसरं झाड कुठाय?"

देवजीने कात्री सुनेच्या हातात ठेवली, बागेच्या कडेपासून एक हात सोडून खुर्ची टाकली आणि ताठ बसला.

"बाबा," अबोली कात्री उघडून बघत म्हणाली, "आठ फूट."