दादाने भरलेली हवा

हे तुम्हाला खोटं वाटणार, लावा पैज! वाटू दे. सत्तर वर्षं लोकांना माझं सगळंच खोटं वाटत आलंय आणि नव्व्याण्णव वेळा त्यांचं बरोबरच होतं. पण ही शंभरावी वेळ आहे. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, गॅसबत्तीत भरलेली हवा तो गेल्यावर नऊ महिने तशीच राहिली. राहिली काय, वाढली! दाबाचा काटा वर चढला! कुणाचा हात न लागता!

थांबा, उठू नका. नीट सांगतो.

दादा आणि मी जुने स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचो. म्हणजे दादा दुरुस्त करायचा आणि मी शेजारी बसून बोलायचो. दोन्ही कामं सारख्याच मेहनतीची! हे खूळ तरुणपणीचं. सुट्टी लागली की तंबू, पितळी स्टोव्ह आणि एक बत्ती घेऊन आम्ही नदीकाठी जाऊन राहायचो. वारा सुटला की स्टोव्ह रुसलेल्या घोड्यासारखा फुरफुरायचा. मग दादा वाऱ्याकडे पाठ करून त्याच्याभोवती असा बसायचा, की बघणाऱ्याला वाटावं स्टोव्हला सर्दी झालीय! घरी परतलो की मी लोकांना सांगायचो, "काय सांगू, अस्वल आलं होतं. बत्तीच्या उजेडात बसून वर्तमानपत्र वाचत होतं." लोक हसायचे आणि दादाकडे बघायचे. आयुष्यात दुसरं एकही खोटं न बोललेला माझा दादा शांतपणे मान हलवायचा. "हो, मी होतो ना तिथे."

असा साक्षीदार असल्यावर माणूस कशाला सुधारतोय?

तर ही शेवटची बत्ती. भंगाराच्या ढिगात सापडलेली. काच नाही, टाकीला हा एवढा पोचा, आणि बर्नरमध्ये मुंग्यांनी संसार थाटलेला! दादा आठ महिने तिच्यामागे होता. पोचा काढला, पंपाचा चामडी वॉशर तेलात मुरवला, टोपणावरचा अडकलेला काटा सोडवला. मग एका सकाळी पंप मारून काटा लाल रेघेपर्यंत आणला आणि एकेका सांध्यावर साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"आता अशीच ठेवायची," दादा म्हणाला. "उद्या काटा जागेवर दिसला की पास."

उद्या काटा जागेवर होता. दादा नव्हता.

भेटायला आलेले लोक पांगल्यावर वहिनी त्याच्या कामाच्या टेबलाशी बसल्या होत्या. बत्तीकडे बघत म्हणाल्या, "भावजी, हिला कुणी उघडायचं नाही. ह्यांनी भरलेली हवा आहे. काटा खाली येईल तेव्हा येईल."

"खाली? वहिनी, दादाने बसवलेला वॉशर आहे तो! वर्ष गेलं तरी काटा हलायचा नाही!"

बोलून गेलो. माझी जीभ अशीच, माझ्या आधी घराबाहेर पडते.

पुढच्या गुरुवारी गेलो, तर काटा निम्म्यावर! दादाचं शेवटचं काम, आणि नापास? मी जिवंत असताना? वहिनी चहा टाकायला आत गेल्या तसा मी पंप धरला. खस्! त्या रिकाम्या घरात तो आवाज असा घुमला, जणू कुणी कपाट ओढतंय! आता काय करणार? प्रत्येक खस् बरोबर मी खोकलो. दहा वेळा पंप, दहा वेळा खोकला. काटा लाल रेघेवर.

"भावजी, खोकला कधीपासून?" आतून आवाज.

"छे हो, ठसका लागला!"

"चहा अजून दिला कुठे मी?"

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा दहा. तिसऱ्याला चहाऐवजी आल्याचा रस आला. चौथ्याला दादाचा लोकरी मफलर माझ्या गळ्यात पडला. पाचव्याला वहिनींनी आमच्या घरी फोन केला.

"पण घरी तर हे एकदाही खोकत नाहीत!" आमची ही म्हणाली.

"म्हणजे तुझ्यापासून लपवतायत," वहिनी म्हणाल्या.

झालं! सहाव्या गुरुवारी वहिनींकडून परतलो, तो हिने मला थेट डॉक्टरपुढे नेऊन बसवलं.

"खोकून दाखवा."

मी खोकलो. पण हातात पंप नसेल तर ताल कुठला जमायला!

"हा खोकला छातीतला वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग कुठला?" हिने घाबरून विचारलं.

"तेच शोधायचंय."

छातीचा फोटो झाला, रक्त झालं, थुंकी झाली. सगळं स्वच्छ निघालं, त्यामुळे सगळे आणखीनच घाबरले. परगावाहून धाकटी बहीण आली, ती दोन बॅगा घेऊन. म्हणजे मुक्काम लांबायची तयारी! मला महिनाभर घराबाहेर पडायला बंदी. मी पडल्या पडल्या गुरुवार मोजत होतो. एक गेला. दोन गेले. तिकडे काटा खाली खाली येत असणार, आणि वहिनी एकट्या त्याच्यासमोर बसलेल्या असणार. दादा रोज थोडा थोडा जातोय, आणि मी इकडे वाफ घेतोय! डोळे भरून आले.

"बघ, बघ किती त्रास होतोय याला!" बहीण हिला म्हणाली, आणि वाफेचं आणखी एक पातेलं आलं.

चौथ्या गुरुवारी मी पळालो. वहिनींच्या घरात शिरलो आणि डोळे मिटूनच टेबलापाशी गेलो. उघडले. काटा लाल रेघेच्या वर होता!

दादाच्या स्टुलावर बसलो. जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण एकही थाप कधी खरी होऊन माघारी आली नव्हती. "दादा?" मी म्हणालो. होय, गॅसबत्तीला म्हणालो! तुम्हीही म्हणाला असतात.

त्या दिवसापासून पंपाला हात लावला नाही. दर गुरुवारी जायचं, तिथे बसायचं आणि आठवडाभरातल्या थापा हळू आवाजात बत्तीला सांगायच्या. काटा जराही ढळायचा नाही. दादासुद्धा असाच ऐकायचा.

हे पोटात किती दिवस ठेवणार? जुने स्टोव्ह-बत्त्या दुरुस्त करणारी आमची सतरा म्हाताऱ्यांची मंडळी आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमलो होतो, तिथे सांगून टाकलं. वॉशरकाका हे आमच्यातले सर्वांत जाणते. पन्नास वर्षं त्यांनी स्टोव्हचे वॉशर बदलले.

"उन्हाने हवा फुगते रे," ते म्हणाले.

"थंडीत चढलाय!"

"मग काटा अडकला असेल."

"दादाने सोडवलेला काटा?"

दादाच्या कामाला नावं ठेवायची तिथे कुणाची छाती नव्हती.

"कुणी पंप मारला नाही, नक्की?"

"कुणीही नाही! शपथ!" पहिले सहा गुरुवार मी सोडून दिले. एवढी काटछाट कथेत चालते.

गुरुवारी सतरा म्हातारे वहिनींच्या दारात हजर! चपलांचा हा ढीग. वॉशरकाकांनी चष्मा पुसला, बत्ती फिरवून बघितली आणि हवा सोडायच्या बारीक स्क्रूवर बोट ठेवलं. "जरासा सैल करतो. सूं झालं तर हवा आहे. नाही झालं तर काटाच खोटा."

"थांबा!" मी ओरडलो. त्या सूंमधून दादा निघून गेला, तर मी तो कुठून भरणार होतो? "काका, नका उघडू! मी सांगतो ना! ही दादाचीच हवा आहे. गेल्या नऊ महिन्यांत हिला माणसाचा हात लागलेला नाही. काटा आपोआप चढलाय, माझ्या या डोळ्यांनी..."

"खोटं आहे!"

सगळे वळले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात ओले.

"साफ खोटं. आधी तुम्ही भरत होतात भावजी, खोकत खोकत. सगळं ऐकू यायचं आत, फक्त खोकला मला खराच वाटला. तुम्ही आजारी पडलात, तेव्हा काटा पार आडवा झाला. मग मी भरली. मला अंदाज नाही त्या पंपाचा, जरा जास्तच भरली गेली. तेव्हापासून दर बुधवारी मीच भरते."

वॉशरकाकांनी स्क्रूवरचं बोट हळूच काढून घेतलं.

"वहिनी, तुम्ही? पण कशाला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलंच नाही. बत्तीकडे बघत म्हणाल्या, "हवा संपली असती, तर तुमचं इथलं काम संपलं असतं. मग गुरुवारी कोण आलं असतं?"