जावई गाडीखाली!

आपल्या गाडीचं ऑइल आपणच बदलावं, असं माझं अगदी ठाम मत आहे! आता तुम्ही विचाराल, आजवर किती वेळा बदललंत? एकदाही नाही. पण मत ठाम असायला अनुभव कशाला लागतो? उलट अनुभव आला की ठाम मतं डळमळायला लागतात.

मी विम्याच्या कचेरीत आहे. लोकांनी आपापल्या गाड्यांची कशी वाट लावली ते दिवसभर वाचायचं आणि भरपाई का देता येत नाही ते गोड शब्दांत कळवायचं, हा माझा धंदा. इतक्या गाड्यांची दुखणी वाचल्यावर माणूस अर्धा मेकॅनिक होतोच. उरलेला अर्धा मी मोबाइलवरच्या एका व्हिडिओवरून झालो. त्यात एक तरुण शीळ घालत गाडीखाली जातो आणि ऑइल काढून शीळ घालतच बाहेर येतो. केसांचा भांग जसाच्या तसा! म्हटलं, ह्याला जमतं तर आपण काय घोडं मारलंय?

"पण आजच?" बायकोनं विचारलं.

तिच्या विचारण्यात तथ्य होतं. त्या दिवशी दुपारी तिची मुलाखत होती. पलीकडच्या गावातल्या शाळेत, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी! पोरांना गणित शिकवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं, आणि या जागेची वाट ती कधीपासून पाहत होती. तिला ती मिळावी असं तिच्याइतकंच मलाही वाटत होतं. म्हणून तर मी रजा टाकली होती.

"आजच!" मी म्हणालो. "होणारी मुख्याध्यापिका जळक्या ऑइलच्या गाडीतून जाणार? शोभतं का ते?"

"वेळेवर पोचली म्हणजे शोभेल."

"अगं, अर्ध्या तासाचं काम!"

"नळाचा वायसर बदलणं हेही अर्ध्या तासाचंच काम होतं. नंतर आपण शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो."

बायकांची स्मरणशक्ती हा स्वतंत्र विषय आहे. मी तो वाढवला नाही. दुकानातून नवीन ऑइलचे दोन डबे आधीच आणले होते. एक ओतायला, एक हाताशी असावा म्हणून. आईचा पाय शेकायचा टब गुपचूप उचलला, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवला (त्याला तेल लागायला नको!) आणि खाली उतरलो.

मी बॉनेट उघडतोय तोवर आईही मागोमाग आली.

"ही बघ दांडी," मी तिला समजावलं. "ही बाहेर काढायची, पुसायची, परत आत घालायची, परत बाहेर काढायची."

"मग पहिल्यांदा काढलीस ती कशाला?"

"पद्धत असते आई! आता बघ, या दोन खुणांच्या मध्ये तेल पाहिजे. आपलं खालच्या खुणेच्याही खाली गेलंय. आणि किती काळं झालंय!"

"मग वरून घाल की थोडं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आपण आमटी ओतून देतो का?"

मी हसून वेळ मारून नेली. आईनं टब ओळखायच्या आत तिला वर पाठवलं. मग पुढची चाकं फुटपाथच्या कडेवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला आणि उताणा होऊन गाडीखाली सरकलो. शीळही घातली. दुसऱ्या सुराला तोंडात माती पडली.

आणि पहिला धक्का बसला. व्हिडिओतल्या गाडीला खाली एक बोल्ट होता. आमच्या गाडीला दोन! एक जरा बारीक, एक दणकट. कुठला खोलायचा? विचारायला वर जावं, तर वर बायको. मी दणकट बोल्टाला पाना लावला. थोरल्याचा मान पहिला!

बोल्ट हलेना. मी टॉर्च दातांत धरला, दोन्ही हातांनी पाना पकडला आणि कुलदैवतापासून सुरुवात करून सगळ्यांची नावं घेतली. एकदम कर्रर्र झालं, बोल्ट सुटला आणि थेट टबात पडला. मागोमाग तेलाची धार! मी दचकून कोपर हलवलं, टब सरकला आणि निम्मं तेल रस्त्यावर. तेल कसलं, काकवीसारखं दाट! आणि वास? लसणाचं पोतं महिनाभर ओलं ठेवावं तसा! दांडीवरचं तेल तर असं नव्हतं. पण म्हटलं, वरवर एक आणि तळाशी निराळंच, हे माणसांतही असतं. गाडीत का नसावं?

मी टबात हात घालून बोल्ट शोधत होतो, तेव्हा वरून आईच्या हाका ऐकू आल्या. तोंडात टॉर्च. "अं, अं," एवढंच म्हणू शकलो. ते गाडीबाहेर काही गेलं नाही.

नेमक्या त्याच वेळी बायकोच्या मोबाइलवर माझ्या सासूबाईंचा फोन आला. मुलीला मुलाखतीसाठी शुभेच्छा द्यायला! फोन आईनं उचलला. पुढचं संभाषण मला नंतर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं ऐकायला मिळालं, आणि दोघींच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही.

"जावईबापू कसे आहेत, विहीणबाई?"

"तो ना? तो गाडीखाली गेलाय."

"अगं बाई! कधी?"

"झाला की बराच वेळ."

"मग... मग आता कसे आहेत?"

"काय सांगू? गॅलरीतून हाका मारून दमले, ओ देत नाही. नुसते पाय दिसतायत."

"देवा! आणि... रक्त?"

"रक्त कुठलं दिसतंय इतक्या वरून? रस्त्यावर नुसतं काळं काळं पसरलंय."

"आणि आमची पोरगी?"

"ती आत साडीला पिना लावतेय. मुलाखतीला जायचंय ना!"

"अशा वेळी मुलाखतीला?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाली, आता तो जाणो आणि त्याचं नशीब जाणो."

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज झाला. "लाइन तुटली वाटतं," असं म्हणून आई डाळ निवडायला बसली.

इकडे मी बोल्ट परत पिळून बसवला, बाहेर आलो, नरसाळं लावलं आणि एक डबा ऑइल इंजिनात ओतलं. काय सांगू तो आनंद! मधाची धार लागावी तसं सोनेरी तेल आत चाललं होतं. डबा संपला. दांडी काढली, पुसली, घातली, परत काढली. दांडी वरपर्यंत तेलात न्हाऊन आलेली! खुणा बुडाल्या होत्या. आणि तेल सोनेरी नव्हे, काळपट!

जुनं सगळं काढलं, मग हे काळं आलं कुठून? मी पुन्हा गाडीखाली शिरलो आणि त्या दुसऱ्या, बारीक बोल्टाकडे बघत पडून राहिलो. तोही माझ्याकडे बघत होता.

एवढ्यात एक गाडी कर्कश ब्रेक मारून थांबली. दारं आपटली. कुणीतरी धावत आलं, आणि माझे दोन्ही पाय धरून कुणीतरी मला असं ओढलं, की गाडीचा मडगार्ड माझ्या कपाळाला लागला आणि मी "आई गं!" म्हणत उजेडात आलो.

समोर सासरे! निवृत्त पोस्टमास्तर. लग्नापासून आजपर्यंत त्यांनी मला "जावईबापू" आणि "तुम्ही" यांखेरीज काही म्हटलेलं नव्हतं, आणि दोन्ही शब्द असे उच्चारायचे, की पाकिटावर तिकीट कमी पडल्याचा दंड भरतोय असं वाटावं. तेच सासरे माझी काळी गचांडी धरून गदागदा हलवत होते.

"अरे गाढवा! जिवंत आहेस तू!"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माझा काळाकुट्ट चेहरा बघून सासूबाईंनी किंकाळी फोडली. त्या किंकाळीनं गॅलऱ्या भरल्या. आई खाली आली, बायको खाली आली. मग कोण काय म्हणालं, कुणी काय ऐकलं, याचा उलगडा झाला. आईचं म्हणणं एकच, "मी काही खोटं बोलले का? गाडीखाली नव्हता का तो?"

"रस्ताभर रडत होते हे," सासूबाई पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या. "म्हणत होते, एकदाही त्याच्याशी धड बोललो नाही."

"काचेतून धूळ येत होती," सासरे म्हणाले आणि पाठ फिरवून नाक शिंकरू लागले.

मला भरून आलं. पण भरून आलेलं पुरतं बाहेर पडायच्या आत बायकोनं विचारलं, "गाडी निघेल का?"

सासऱ्यांनी टबात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा पोस्टमास्तरांचा झाला.

"हे गिअरचं तेल आहे, जावईबापू. गिअरपेटी तुम्ही रिकामी केलीत आणि इंजिन नको इतकं भरलंत. ही गाडी आज हलवायची नाही."

बायकोनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं! हातातली प्रमाणपत्रांची फाइल तिनं छातीशी धरली, तेवढंच. ते बघून मला कळलं, की मी नुसतं ऑइल सांडलेलं नाही. तिच्या इतक्या वर्षांवर मी टब उपडा केला होता. जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथे आधीच तेल होतं.

मग तिनं वडिलांपुढे हात पसरला. "बाबा, किल्ली."

सासरे स्वतःच्या गाडीची किल्ली कुणाला देत नाहीत. सासूबाईंना तर त्या गाडीत चप्पल झटकूनच बसावं लागतं! पण त्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली. बायको सफाईनं गाडी वळवून निघून गेली. माझ्या मूर्खपणानंच दारात दुसरी गाडी आणून उभी केली, हे मी कुणाच्या तरी लक्षात आणून देणार होतो. सासऱ्यांकडे बघितलं आणि नरसाळं पुसायला लागलो.

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. "मी दर रविवारी सकाळी ऑइल बघतो. एक रविवार चुकलेला नाही. शिस्त लागते, जावईबापू, शिस्त! बघू काय घोळ घातलाय." आणि ते स्वतः गाडीखाली शिरले.

इतक्यात वर माझा मोबाइल वाजायला लागला. आई वर जाऊन तो उचलून गॅलरीत आली. पलीकडे आमच्या कचेरीतले हेडक्लार्क होते. येताना वाटेत सासूबाईंनी रडतरडत त्यांना बातमी दिली होती म्हणे. आईचा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू आला.

"तो? तो अगदी ठणठणीत आहे हो! आता त्याचे सासरे गाडीखाली गेलेत!"

मी जिने तुडवत वर पळालो आणि फोन हिसकावला. "साहेब, मी बोलतोय!"

पलीकडे खुर्ची करकरली. मग हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आहात? अहो, आम्ही सगळे उभे राहून शांतता पाळली. मी दोन शब्द बोललो. चांगले बोललो! नंतर सगळ्यांना सुट्टी दिली, लोक केव्हाच पांगले. आता मी वरच्या साहेबांना काय सांगू? एक करा, उद्यापर्यंत तुम्ही फोन उचलू नका. आणि हो, सासऱ्यांचं ऐकून फार वाईट वाटलं."

दुपारभर मी सासऱ्यांना पाने देत होतो आणि ते मला शिस्त देत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा बायकोचा फोन आला. सासूबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"जागा मिळाली!" ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, वांड मुलं कशी सांभाळाल? मी म्हटलं, सकाळीच सांभाळून आलेय."

आम्ही सगळे ओरडलो! आई रडली, सासूबाई रडल्या. सासऱ्यांच्या डोळ्यांत पुन्हा धूळ गेली.

"पण बाबा," ती पुढे म्हणाली, "येताना तुमच्या गाडीत लाल दिवा लागला. तेलाचा. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. दांडी काढून बघितली तर टोकालासुद्धा तेल नाही! कधी बघितलं होतं तुम्ही?"

सासऱ्यांनी आधी आकाशाकडे, मग चपलेकडे बघितलं.

"गेले काही रविवार... गुडघा जरा दुखत होता," ते पुटपुटले. मग माझ्या कानाशी आले. "जावईबापू, तो दुसरा डबा आहे ना?"

मी स्कूटर काढली. मागे सासरे डबा पोटाशी धरून बसले, तान्हं मूल धरावं तसा. वाटेत एकदाच बोलले, "हिच्या आईला गुडघ्याचंच सांग हं."

बायको रस्त्याच्या कडेला गाडीला टेकून उभी होती. साडीची एक पीनही हललेली नव्हती. तिनं आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"ओतणार कोण?"

मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी सासऱ्यांनी माझ्याकडे!

तिनं डबा काढून घेतला. "दोघंही तिकडे झाडाखाली जाऊन उभे राहा. मी बोलवेपर्यंत गाडीजवळ यायचं नाही."

आम्ही जाऊन उभे राहिलो. तिनं पदर खोचला, दांडी काढली, पुसली, घातली, परत काढली. थोडं ऑइल ओतलं, थांबली, बघितलं, परत थोडं ओतलं. साडीवर एक थेंब नाही!

"माझ्यावर गेलीय," सासरे छाती फुगवून कुजबुजले.

मी मान डोलावली. म्हटलं, नातं आजच कुठे जुळतंय, आजच कशाला खरं बोला!